कर्जे तीच, भांडवल कमी: किरकोळ कर्जांच्या गटवारीचे गणित

बँकेच्या वार्षिक निकालात कधीकधी एक वाक्य येते आणि सामान्य वाचक तिथे थबकतो. बँकेचे भांडवली गुणोत्तर, म्हणजे जोखमीच्या तुलनेत भांडवलाचे प्रमाण, सुधारले, असे ते वाक्य सांगते. प्रत्यक्षात त्या वर्षात बँकेने नवे समभाग विकलेले नसतात, नफ्यात मोठी भर पडलेली नसते आणि दिलेली कर्जेही परत आलेली नसतात. कारण म्हणून एवढेच लिहिलेले असते, की किरकोळ कर्जांच्या, म्हणजे सामान्य ग्राहकांना दिलेल्या छोट्या कर्जांच्या, जोखीम-गटवारीत सुधारणा करण्यात आली. कर्जे तीच, कर्जदार तेच आणि ठेवीदारही तेच असताना केवळ गट बदलून बँक अधिक भक्कम कशी होते, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. बँकेत ठेव असलेल्या प्रत्येकाशी या प्रश्नाचा संबंध आहे, म्हणून त्याचे उत्तर मुळापासून समजून घेतले पाहिजे.

उत्तराचा गाभा असा, की गटवारी हे एक मोजमाप आहे. मोजमाप नेमके झाले तर आधी धरलेली जोखीम खरोखरच जास्त होती असे दिसू शकते, आणि मग कमी झालेले भांडवल योग्य ठरते. अडचण अशी, की चुकीच्या मोजमापानेही भांडवल कमीच होते, आणि वरवर पाहणाऱ्याला दोन्हींतला फरक दिसत नाही.

भांडवल म्हणजे तिजोरीतली रोकड नव्हे

बँकेचे भांडवल म्हणजे संकटासाठी बाजूला काढून ठेवलेले पैसे, अशी समजूत सर्रास आढळते. ती बरोबर नाही. भांडवल हा बँकेच्या निधीचा एक स्रोत आहे. बँकेने 100 कर्जाऊ दिले आणि त्यांतले 92 ठेवीदारांचे व इतर देणेकऱ्यांचे असतील, तर उरलेले 8 मालकांचे, म्हणजे भागधारकांचे असतात. हे आठही कर्जातच गुंतलेले असतात. ते कुठे वेगळे पडून राहत नाहीत. त्यांचे महत्त्व तोट्याच्या वेळी कळते. कर्जांपैकी 5 बुडाले तर ते मालकांच्या हिश्श्यातून जातात आणि ठेवीदारांचे 92 शाबूत राहतात. 8 पेक्षा जास्त बुडाले, की झळ ठेवीदारांपर्यंत पोहोचते. मालकांचा हा हिस्सा किती असावा, हे बँकेच्या मर्जीवर सोडता येत नाही, कारण तो जितका कमी तितका मालकांना नफ्याचा दर जास्त मिळतो.

26 जून 1974 रोजी पश्चिम जर्मनीतील कोलोन शहरातली हेरश्टाट बँक बंद पडली आणि तिचे परकीय चलनाचे व्यवहार अर्ध्यावर अडकल्याने इतर देशांतल्या बँकांनाही फटका बसला. त्याच वर्षाच्या अखेरीस दहा प्रमुख औद्योगिक देशांच्या गटाच्या मध्यवर्ती बँकांनी मिळून बँक पर्यवेक्षणाची समिती नेमली. तिचे कार्यालय स्वित्झर्लंडमधील बाझल शहरात असल्याने तिचे नियम ‘बाझल नियम’ म्हणून ओळखले जातात. 1988 साली या समितीने सांगितले, की बँकेचे भांडवल तिच्या जोखीम-भारित मालमत्तेच्या किमान 8 टक्के असले पाहिजे.

एकाच मापाने सगळे मोजले तर

‘जोखीम-भारित मालमत्ता’ हा शब्द अवघड वाटला तरी कल्पना साधी आहे. प्रत्येक कर्जाला त्याच्या जोखमीप्रमाणे एक टक्केवारी, म्हणजे भार, द्यायचा आणि कर्जाच्या रकमेला त्याने गुणायचे. भार 50 टक्के असेल तर 100 चे कर्ज 50 धरले जाते आणि त्याला किमान 4 भांडवल लागते.

1988 च्या नियमांत हे भार फार ढोबळ होते. राहत्या घराच्या तारणावरील कर्जाला 50 टक्के आणि इतर बहुतेक ग्राहक कर्जांना सरसकट 100 टक्के. वर्षानुवर्षे वेळेवर पैसे भरणारा कार्डधारक आणि दर दुसऱ्या महिन्याला हप्ता चुकवणारा कर्जदार या मापात एकसारखेच ठरत. याचा परिणाम नियमकर्त्यांच्या हेतूच्या उलट झाला. दोघांना भांडवल सारखेच लागत असेल, तर ज्याच्याकडून जास्त व्याज मिळते तो अधिक जोखमीचा ग्राहक बँकेला हवासा वाटतो. सुरक्षिततेसाठी केलेला नियम अशा रीतीने जोखीम घेण्याला उत्तेजन देत होता.

जून 2004 मध्ये आलेल्या सुधारित नियमांनी, म्हणजे ‘बाझल दोन’ने, बँकांपुढे दोन वाटा ठेवल्या. पहिल्या वाटेवर, म्हणजे ‘प्रमाणित पद्धती’त, भार नियमातच ठरवून दिलेले होते: किरकोळ कर्जांना 75 टक्के, घरकर्जाला 35 टक्के. दुसऱ्या वाटेवर, म्हणजे ‘अंतर्गत मोजमापा’त, नियामकाची परवानगी घेऊन बँकेने आपल्याच नोंदींवरून जोखीम मोजायची आणि समितीने दिलेल्या सूत्रात ते आकडे घालून भांडवल काढायचे होते. आपला विषय या दुसऱ्या वाटेवरचा आहे.

एकेका माणसाऐवजी गट का?

मोठ्या उद्योगाला कर्ज देताना बँक त्याचे ताळेबंद तपासते आणि त्या एका कर्जदाराला श्रेणी देते. लाखो छोट्या कर्जांच्या बाबतीत असे करणे परवडत नाही, आणि त्याची तितकी गरजही नसते. एक माणूस कर्ज फेडेल की नाही, हे कोणीही खात्रीने सांगू शकत नाही. पण सारख्या परिस्थितीतल्या दहा हजार माणसांपैकी वर्षभरात साधारण किती जण फेडू शकणार नाहीत, याचा अंदाज मागच्या नोंदींवरून बांधता येतो. विमा कंपनीला एखाद्या माणसाचे आयुष्य ठाऊक नसते, तरी मोठ्या समूहाच्या आयुर्मानावर ती हप्ता ठरवते, त्यातलाच हा प्रकार आहे.

प्रत्येक गटासाठी तीन गोष्टी मोजाव्या लागतात. पहिली, त्या गटातले कर्ज वर्षभरात थकण्याची शक्यता. इथे ‘थकणे’ म्हणजे सर्वसाधारणपणे 90 दिवसांहून अधिक काळ देणे राहणे. दुसरी, कर्ज थकल्यानंतर वसुलीचे सगळे प्रयत्न करूनही रकमेचा किती भाग कायमचा जातो, म्हणजे नुकसानीचे प्रमाण. तिसरी, कर्ज थकेल तेव्हा येणे रक्कम किती असेल. ही तिसरी गोष्ट क्रेडिट कार्डाच्या बाबतीत विशेष महत्त्वाची आहे, कारण अडचणीत आलेला माणूस थकण्यापूर्वी उरलेली पतमर्यादाही बहुतेक वापरून टाकतो.

गट पाडताना बँकेने कर्जदाराची वैशिष्ट्ये पाहावीत, कर्जाचे स्वरूप आणि तारणाची किंमत पाहावी, आणि ज्यांचे हप्ते आधीच रखडले आहेत त्यांना नियमित फेडणाऱ्यांपासून वेगळे काढावे, अशी नियमांची अपेक्षा आहे. नियमांनी किरकोळ कर्जांचे तीन मोठे वर्गही आखून दिले आहेत: घरकर्ज, क्रेडिट कार्डासारखे फिरते कर्ज, आणि उरलेली सर्व कर्जे. अंदाजांमागे किमान पाच वर्षांच्या नोंदी असाव्या लागतात.

सरासरी वर्ष आणि महापुराचे वर्ष

एखाद्या गटातली 4 टक्के कर्जे दरवर्षी थकतात आणि थकलेल्या रकमेपैकी 80 टक्के बुडतात, असे समजू. म्हणजे दरवर्षी 3.2 टक्के तोटा ठरलेलाच आहे. याला ‘अपेक्षित तोटा’ म्हणतात. तो व्याजदरात आधीच धरलेला असतो आणि त्यासाठी बँक हिशेबात तरतूद करते. भांडवल या तोट्यासाठी नसते. ज्या वर्षी मंदी येते, नोकऱ्या जातात आणि 4 ऐवजी 10 किंवा 12 टक्के कर्जे थकतात, त्या वर्षीच्या वाढीव तोट्यासाठी ते असते.

धरणाची भिंत बांधताना नदीला दरवर्षी येणारे नेहमीचे पाणी सांडव्यातून जाईल असे धरतात, आणि भिंतीची उंची क्वचित येणाऱ्या महापुराकडे पाहून ठरवतात. बाझल समितीच्या सूत्राने हा महापूर फार मोठा धरला आहे. वर्षभरातला तोटा तरतूद आणि भांडवल यांच्या बेरजेपेक्षा जास्त होण्याची शक्यता हजारात एक इतकीच राहावी, म्हणजे 99.9 टक्के खात्री असावी, असा त्याचा निकष आहे.

पूर किती मोठा येईल, हे कर्जदार एकमेकांशी किती बांधलेले आहेत यावर अवलंबून असते. प्रत्येकाची अडचण वेगळी असेल, एकाचे आजारपण तर दुसऱ्याचे कौटुंबिक संकट, तर मोठ्या समूहात ती विखुरली जाते आणि वर्षे एकमेकांसारखी जातात. घरांच्या किमती एकाच वेळी कोसळल्या तर मात्र सगळ्या घरकर्जांवर एकदम ताण येतो. या एकत्र बुडण्याच्या प्रवृत्तीला ‘सहसंबंध’ म्हणतात. सूत्रात तो घरकर्जासाठी 15 टक्के, फिरत्या कर्जासाठी 4 टक्के आणि इतर किरकोळ कर्जांसाठी 3 ते 16 टक्क्यांच्या दरम्यान ठरवून दिलेला आहे. हे आकडे बँकेला बदलता येत नाहीत, ही चांगली गोष्ट आहे.

दहा हजार खात्यांचे उदाहरण

आता मुख्य मुद्दा. एका बँकेकडे क्रेडिट कार्डाची 10,000 खाती आहेत, प्रत्येकावर सारखीच रक्कम येणे आहे आणि वर्षाला सरासरी 400 खाती, म्हणजे 4 टक्के, थकतात असे समजू. बँकेने या सगळ्यांचा एकच गट केला आणि फिरत्या कर्जाच्या सूत्रात 4 टक्के हा आकडा घातला, तर महापुराच्या वर्षी सुमारे 1,238 खाती थकतील असे उत्तर येते. नेहमीची 400 तरतुदीत धरलेली आहेत. उरलेल्या 838 खात्यांच्या तोट्यासाठी भांडवल हवे. नुकसानीचे प्रमाण 80 टक्के धरले तर हे भांडवल एकूण येणे रकमेच्या 6.7 टक्के होते.

पुढे बँकेने नोंदी नीट पाहिल्या आणि तिला आढळले, की या 10,000 पैकी 500 खात्यांचे हप्ते आधीच दोन महिने रखडलेले आहेत आणि त्यांतली निम्मी, म्हणजे 250, वर्षभरात थकतात. उरलेल्या 9,500 पैकी केवळ 150 थकतात. एकूण थकणारी खाती 400 च राहिली, अपेक्षित तोटाही तोच राहिला. पण दोन गटांसाठी सूत्र वेगवेगळे चालवले तर महापुराच्या वर्षी 500 च्या गटातून सुमारे 368 आणि 9,500 च्या गटातून सुमारे 560 खाती थकतील असे दिसते. बेरीज 928. नेहमीची 400 वजा केली तर भांडवल फक्त 528 खात्यांच्या तोट्यासाठी लागते. येणे रकमेच्या 6.7 टक्क्यांवरून गरज 4.2 टक्क्यांवर आली, म्हणजे सुमारे 37 टक्के कमी झाली.

हे का घडले, ते आकड्यांतच दिसते. ज्या गटातली निम्मी खाती नेहमीच्या वर्षातही थकतात, तिथे वाईट वर्षात फार मोठे आश्चर्य घडायला जागाच उरत नाही. 250 ची 368 झाली, म्हणजे दीडपटही नाही. चांगल्या गटात वाढ जवळपास चौपट आहे, पण तिची सुरुवातच लहान आकड्यापासून होते. सगळ्यांची भेसळ केली, की सूत्राला वाटते इथे 10,000 मध्यम प्रतीचे कर्जदार आहेत आणि मंदीत हे सगळे एकत्र ढासळू शकतात. असे मध्यम कर्जदार तिथे मुळात नव्हतेच. होते ते बरेचसे निर्धोक आणि थोडे फार बिकट.

गणिताच्या भाषेत सांगायचे तर थकण्याची शक्यता आडव्या रेषेवर आणि लागणारे भांडवल उभ्या रेषेवर मांडले, की धनुष्यासारखी वर फुगलेली कमान तयार होते. एकच गट केला तर आपण कमानीवरचा मधला बिंदू घेतो. दोन गट केले तर कमानीची दोन टोके घेऊन त्यांची सरासरी काढतो, आणि ती सरासरी धनुष्याच्या दोरीवर येते. दोरी नेहमी कमानीच्या खालीच असते. टोके जितकी लांब, तितके दोरी आणि कमान यांच्यातले अंतर जास्त. आपल्या उदाहरणात रखडलेली खाती न शोधता बँकेने 1 टक्का आणि 7 टक्के शक्यतेचे दोन समसमान गट पाडले असते, तर भांडवल 6.7 वरून जेमतेम 6 टक्क्यांवर आले असते. म्हणून हप्ते रखडलेल्यांना वेगळे काढण्याने जो फरक पडतो, तो इतर बारीकसारीक निकषांनी सहसा पडत नाही.

मग यात हातचलाखी कुठेच नाही?

वरच्या उदाहरणात नाही. तिथे बँकेने खरी माहिती वापरली, आणि त्या माहितीने दाखवले की आधीचा अंदाज अवास्तव मोठा होता. त्या 500 खात्यांचा तोटाही नाहीसा झालेला नाही. त्यांतला 40 टक्के अपेक्षित तोटा, म्हणजे निम्म्या खात्यांचा 80 टक्के, बँकेने तरतुदीत दाखवलाच पाहिजे. तरतूद अपेक्षित तोट्यापेक्षा कमी पडली तर ती तूट थेट भांडवलातून वजा करावी, असा नियम आहे. वाईट कर्जे वेगळ्या गटात टाकली, की ती लपतात, हा आक्षेप म्हणून टिकत नाही. उलट ती उघडी पडतात.

धोका दुसरीकडे आहे. समजा, बँकेने 10,000 खात्यांचे 200-200 चे पन्नास गट पाडले आणि प्रत्येक खाते थकण्याची खरी शक्यता मात्र सारखीच, 1 टक्का, आहे. प्रत्येक गटात सरासरी दोन खाती थकायला हवीत. पण निव्वळ योगायोगाने एका गटात एकही थकणार नाही, दुसऱ्यात चार थकतील. बँकेने या योगायोगालाच फरक मानले तर तिला काही गट अत्यंत सुरक्षित आणि काही जोखमीचे दिसतील. इथे कमान आणि दोरीचा नियम उलटा अंगावर येतो, कारण सूत्राला फरक खरा आहे की आभासी हे कळत नाही. आकड्यांत फरक दिसला, की उत्तर खालीच येते. चाळणी जितकी बारीक करावी तितके भांडवल घटत जाते, प्रत्यक्षात काहीच वेगळे झालेले नसले तरीही.

त्यात निवडीचा मोह मिसळला की प्रकरण अधिक बिघडते. वय, व्यवसाय, खात्याचे आयुष्य, पतमर्यादेचा वापर, असे वीस निकष बँकेकडे असतात आणि त्यांतून गट पाडण्याचे शेकडो मार्ग निघतात. त्यांतला जो मार्ग भांडवल सर्वांत कमी दाखवतो तोच निवडला, तर प्रत्येक आकडा खरा असूनही निवड खोटी ठरते. माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेतला सर्वांत मोठा कच्चा दुवा हाच आहे, कारण कोणत्याही एका आकड्यावर बोट ठेवून चूक दाखवता येत नाही.

नियम यावर काय उपाय करतात?

पहिला उपाय संख्येचा. गटात इतकी खाती असली पाहिजेत, की थकण्याचे प्रमाण अर्थपूर्ण रीतीने मोजता यावे. दुसरा उपाय वापराचा: भांडवल मोजण्यासाठी केलेली गटवारी बँकेने कर्ज मंजूर करताना, पतमर्यादा ठरवताना आणि जोखमीवर लक्ष ठेवतानाही वापरली पाहिजे. ही अट मला फार मोलाची वाटते. ज्या वर्गीकरणावर बँक स्वतःचे पैसे लावायला तयार नाही, ते केवळ नियामकाला दाखवण्यासाठी केलेले आहे, हे उघड होते. शिवाय गटांचा आढावा दरवर्षी घ्यावा लागतो, अंदाजात अनिश्चितता असेल तिथे आकडा सावधपणे वाढवून धरावा लागतो, आणि नुकसानीचे प्रमाण मंदीच्या काळात वसुली कशी होते ते पाहून ठरवावे लागते.

खरी परीक्षा मात्र काळाची. ज्या वर्षांच्या नोंदींवरून गट पाडले त्याच वर्षांवर ते तपासले तर ते चांगलेच दिसणार. विद्यार्थ्याने स्वतःच काढलेली प्रश्नपत्रिका सोडवल्यासारखे ते होईल. म्हणून गटवारी पूर्ण झाल्यानंतरच्या, तिने कधी न पाहिलेल्या वर्षात गटांचा क्रम तसाच राहतो का, आणि अंदाज व प्रत्यक्ष जुळतात का, हे पाहिले जाते. आभासी फरक या तपासणीत विरघळून जातात आणि सगळे गट पुन्हा सरासरीकडे सरकतात.

दिवस फिरले तर?

खरा फरकही कायम टिकतोच असे नाही. चांगल्या काळात जमवलेल्या पाच वर्षांच्या नोंदी चांगल्या काळाचेच चित्र दाखवतात. आणि कमानीचा आकार असा आहे, की तिच्या सुरुवातीच्या भागात चढ सर्वांत तीव्र असतो. फिरत्या कर्जाच्या एखाद्या गटाची थकण्याची शक्यता 1 टक्क्यावरून 2 टक्के झाली, तर त्याला लागणारे भांडवल सुमारे दोन तृतीयांशाने वाढते. मंदीत हजारो खाती एकाच वेळी खालच्या गटांत घसरतात आणि बँकेला भांडवलाची गरज नेमकी अशा वेळी वाढते, जेव्हा बाजारातून ते मिळवणे सर्वांत कठीण असते. मग ती नवी कर्जे आखडते आणि त्याने मंदी अधिक गडद होते.

ब्रिटनमधील नॉर्दर्न रॉक या बँकेचे उदाहरण इथे आठवते. तिचा मुख्य धंदा घरकर्जांचा होता. जून 2007 मध्ये तिला अंतर्गत मोजमापाची परवानगी मिळाली. घरकर्जांचे भार उतरणार असल्याने आपल्याकडे जादा भांडवल आहे असे सांगत तिने जुलैत अंतरिम लाभांश सुमारे 30 टक्क्यांनी वाढवला. सप्टेंबर 2007 मध्ये तिच्या शाखांबाहेर ठेवीदारांच्या रांगा लागल्या आणि फेब्रुवारी 2008 मध्ये सरकारला ती ताब्यात घ्यावी लागली. न्यायाने सांगितले पाहिजे, की ती बँक कर्जे बुडाल्यामुळे कोसळली नाही. घाऊक बाजारातून अल्प मुदतीने उभारलेला पैसा अचानक आटला, हे त्याचे कारण होते. पण गटांच्या गणिताने ‘जादा’ ठरवलेले भांडवल भागधारकांना वाटायला काढणे किती घाईचे होते, ते दोन महिन्यांत दिसले. कर्ज थकण्याची शक्यता मोजणारे सूत्र बँकेवर येणाऱ्या इतर संकटांबद्दल काहीही सांगत नाही.

2017 नंतर काय बदलले?

2013 साली बाझल समितीने वेगवेगळ्या बँकांची मोजमापे शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा त्यांच्या जोखीम-भारांत बरीच तफावत आढळली. तिचा पुष्कळसा भाग कर्जांच्या खऱ्या वेगळेपणातून आलेला होता. पण काही भाग मोजण्याच्या पद्धतींतून आलेला होता, आणि विश्वास त्यामुळेच डळमळला.

डिसेंबर 2017 मध्ये समितीने अंतिम केलेल्या सुधारणांत तीन प्रकारच्या मर्यादा आहेत. पहिली, थकण्याच्या शक्यतेचा अंदाज कितीही कमी निघाला तरी तो 0.05 टक्क्याखाली धरता येत नाही. ज्या कार्डधारकांची बाकी महिन्यामागून महिना पुढे ओढली जाते त्यांच्यासाठी ही मर्यादा 0.1 टक्का आहे. दुसरी, नुकसानीच्या प्रमाणालाही तळ आहे: घरकर्जासाठी 5 टक्के, फिरत्या कर्जासाठी 50 टक्के. तिसरी मर्यादा सर्वांत परिणामकारक आहे. बँकेने स्वतःच्या पद्धतीने काढलेली एकूण जोखीम-भारित मालमत्ता प्रमाणित पद्धतीने आलेल्या आकड्याच्या 72.5 टक्क्यांपेक्षा कमी धरता येणार नाही. ही मर्यादा टप्प्याटप्प्याने लागू व्हायची असून समितीच्या वेळापत्रकानुसार 2028 च्या सुरुवातीला ती पूर्ण लागू होते.

आपल्या दहा हजार खात्यांना ही मर्यादा लावून पाहू. बँकेकडे फक्त हीच खाती आहेत आणि प्रमाणित भार 75 टक्के आहे असे धरले, तर त्याचे 72.5 टक्के म्हणजे सुमारे 54.4 टक्के भार होतो आणि भांडवल 4.35 टक्के येते. बँकेच्या दोन गटांच्या हिशेबाने 4.2 टक्के आले होते. म्हणजे तिला थोडे वर सरकावे लागेल, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे आणखी पन्नास गट पाडूनही काही हाती लागणार नाही. चाळणी बारीक करण्याचा मोह इथे संपतो.

याची दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. ज्या बँकेची कर्जे खरोखरच अतिशय सुरक्षित आहेत तिलाही ही मर्यादा लागते, आणि 1988 मधला दोष, म्हणजे जोखमीच्या कर्जाकडे झुकण्याचे उत्तेजन, थोड्या प्रमाणात परत येतो. समितीने तो कमी करण्यासाठी प्रमाणित पद्धतीतच काही गटवारी आणली. दरमहा पूर्ण बाकी भरणाऱ्या कार्डधारकांना 45 टक्के भार दिला. घरकर्जाचा भार घराच्या किमतीच्या तुलनेत कर्ज किती आहे त्यावर, 20 ते 70 टक्क्यांपर्यंत, ठरवला. मला हा मध्यममार्ग पटतो. जे फरक सगळीकडे, सगळ्या काळात टिकतात ते नियमातच घातले, आणि बाकीच्यांच्या फायद्याला सीमा घातली.

कर्जदाराच्या वाट्याला काय येते?

ज्या गटाला भांडवल कमी लागते त्याला बँक स्वस्तात कर्ज देऊ शकते, कारण भागधारकांच्या पैशावर अपेक्षित असलेला परतावा कमी रकमेवर कमवायचा असतो. नियमित फेडणाऱ्यांना याचा लाभ मिळतो. खालच्या गटातल्यांना मात्र दुहेरी भार पडतो: त्यांचा अपेक्षित तोटा जास्त असतो आणि बहुतेक वेळा भांडवलाचा खर्चही. हे त्यांच्या बाबतीत अन्यायाचे आहे का? ज्याने स्वतः हप्ते चुकवले आहेत त्याच्या बाबतीत सहसा नाही. पण ज्याने आजवर कर्जच घेतलेले नाही, त्याच्याबद्दल नोंदी नसतात आणि त्याचा गट त्याच्यासारख्या दिसणाऱ्या इतरांवरून ठरतो. गटाबद्दलचे विधान त्या माणसाबद्दलचे विधान नसते, आणि ही मर्यादा बँकेने विसरता कामा नये. राहण्याचा भाग किंवा व्यवसाय यांसारखे निकष कुणाच्या जन्माशी, समाजाशी जोडलेले असू शकतात. ते आकड्यांच्या दृष्टीने उपयोगी ठरले तरी वापरावेत का, हा प्रश्न गणिताचा नाही, कायद्याचा आणि न्यायाचा आहे.

ठेवीदाराने काय पाहावे?

अंतर्गत मोजमाप वापरणाऱ्या बँकांना त्यांच्या जोखमीचे तपशील नियमितपणे जाहीर करावे लागतात. त्यांत थकण्याच्या शक्यतेच्या पट्ट्यांप्रमाणे कर्जांची विभागणी असते, आणि आणखी एका तक्त्यात प्रत्येक पट्ट्यासाठी आधी बांधलेला अंदाज आणि वर्षभरात प्रत्यक्ष थकलेल्या कर्जदारांचे प्रमाण शेजारी शेजारी दिलेले असते. भांडवली गुणोत्तर सुधारल्याची बातमी वाचली, की हा दुसरा तक्ता उघडावा. एखाद्या वर्षी प्रत्यक्ष प्रमाण अंदाजापेक्षा वर गेले, तर त्यात काही विशेष नाही. पण वरच्या, सुरक्षित म्हणवल्या जाणाऱ्या पट्ट्यांत ते सलग तीन-चार वर्षे अंदाजाच्या वर राहत असेल, आणि त्याच काळात बँकेचा सरासरी भार उतरत असेल, तर कमी झालेल्या भांडवलामागे मोजमापाची सुधारणा नाही. अशा वेळी त्या वर्षीचा लाभांश वाढलेला आहे का, हेही त्याच अहवालात पाहून घ्यावे.